मोठ्या व लहान संख्यांचे लेखन : स्प्रेडशीटमधील अभियांत्रिकी पद्धती

१. प्रास्ताविक

संख्या लिहिणे आणि संख्या वाचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एखादी संख्या बिनचूक लिहिली, तरी वाचणाऱ्याच्या मनात तीच संख्या उमटेल अशी खात्री देता येत नाही. शून्ये मोजताना डोळा चुकतो, स्वल्पविरामाची जागा चुकते, आणि पुष्कळदा संख्येचे नावच निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या अर्थाने वापरले जाते. यंत्रे, विद्युत्, धरणे, रेडिओलहरी यांचा हिशेब ठेवणाऱ्यांना हा धोका नित्याचा आहे. तो टाळण्यासाठी त्यांनी जी लेखनपद्धती स्वीकारली, तिला अभियांत्रिकी लेखनपद्धती म्हणतात. आज असे हिशेब कागदी वहीऐवजी संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये ठेवले जातात. तेव्हा ही पद्धती स्प्रेडशीटमध्ये कशी आणावी, तिचा उपयोग कोठे होतो आणि ती कोठे दगा देते, हे समजावून देणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

मूळ विवेचनातील उदाहरणे परदेशी आहेत. अनुवाद करताना त्यांच्या जागी आपल्या परिचयाची उदाहरणे घेतली आहेत; कारण जी वस्तू आपण पाहिलेली आहे, तिच्या मापात चूक झाली तर ती लवकर जाणवते.

छपाईसंबंधी एक सूचना आरंभीच केलेली बरी. संगणक घातांक दाखविताना रोमन लिपीतील पाचवे अक्षर वापरतो. या पुस्तिकेत त्या अक्षराच्या जागी सर्वत्र ‘ई’ छापले आहे आणि अंक देवनागरी ठेवले आहेत. वाचकांनी संगणकावर टंकलेखन करताना मात्र ते मोठे रोमन अक्षर आणि आंतरराष्ट्रीय अंकच वापरावेत.

२. नावांचा घोटाळा

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची रीत अशी, की घरात मराठी, दारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी. दैनंदिन व्यवहारात या तीन भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. परंतु मोठ्या संख्यांचा प्रश्न आला की त्यांचे बिनसते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दशमान पद्धतीच्या अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्यांत अब्ज म्हणजे दहाचा नववा घात, आणि खर्व म्हणजे दहाचा दहावा घात. मराठी अंकगणिताने हीच परंपरा पुढे चालविली. हिंदीत मात्र अरब म्हणजे शंभर कोटी आणि खरब म्हणजे शंभर अरब, अर्थात दहाचा अकरावा घात. म्हणजे मराठीतील खर्व आणि हिंदीतील खरब हे उच्चाराने सख्खे भाऊ वाटले, तरी मोलाने त्यांच्यात दहापटींचे अंतर आहे.

प्रस्तुत अनुवादकाला याचा अनुभव आहे. आकाशगंगेविषयीच्या एका हिंदी लेखाचे मराठी रूपांतर करताना ‘एक खरब तारे’ या शब्दांचे ‘एक खर्व तारे’ असे भाषांतर हातून झाले. शब्द तत्सम, लय तीच, वाक्य सुबक. मनाला शंकाही शिवली नाही. मुद्रिते तपासणाऱ्या एका वृद्ध गणितशिक्षकांनी समासात एवढेच लिहिले : ‘नव्वद अब्ज तारे कोठे गेले?’ आकाशगंगेत निदान शंभर अब्ज तारे असावेत असा अंदाज आहे. एका अक्षराच्या फरकाने त्यांतील दहात नऊ तारे मावळले होते!

हा दोष केवळ आपल्याच भाषांचा आहे, असे कोणी समजू नये. इंग्रजीतील ‘बिलियन’ या शब्दाचा अर्थ अमेरिकेत दहाचा नववा घात असा होता, तर ब्रिटनमध्ये परंपरेने तो दहाचा बारावा घात असा होता. ब्रिटिश शासनाने १९७४ साली आपल्या कारभारासाठी अमेरिकी अर्थ स्वीकारला. जर्मन भाषेत आजही ‘बिलियोन’ म्हणजे दहाचा बारावा घातच होय. तात्पर्य, संख्येच्या नावावर विसंबून राहणे कोणत्याच भाषेत सर्वस्वी सुरक्षित नाही.

वीजपुरवठ्याच्या हिशेबात तर हा प्रश्न रोजचाच आहे. जबलपूर शहरातील शक्तिभवन हे मध्य प्रदेशाच्या वीज-कंपन्यांचे मुख्य ठाणे असल्यामुळे येथील अनेक घरांतील मंडळींना या हिशेबाची भाषा परिचित आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट. मोठ्या प्रमाणावरील वीज आपल्या देशात कोठे ‘लाख युनिट’ या मापाने मोजतात, तर कोठे ‘मिलियन युनिट’ या मापाने. नर्मदेवरील बरगी धरणाच्या वीजगृहाची क्षमता ९० मेगावॅट आहे. तेथील ४५ मेगावॅटची दोन्ही यंत्रे चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालली असे मानले, तर २१,६०,००० युनिट वीज निर्माण होईल. हीच वीज एका तक्त्यात २१.६ आणि दुसऱ्या तक्त्यात २.१६ अशी लिहिलेली आढळेल. दोन्ही बरोबर, पण स्तंभाचे शीर्षक वाचावयाचे राहिले, तर हिशेब दहापटींनी चुकला म्हणून समजावे.

३. दहाचे घात आणि तीनची पायरी

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे नावाऐवजी घात लिहिणे. ४७,००० ही संख्या ४.७ गुणिले दहाचा चौथा घात अशी लिहिता येते. येथे ४.७ हा गुणक आणि ४ हा घातांक. गुणक नेहमी १ व १० यांच्या दरम्यान ठेवावयाचा, असा नियम केला म्हणजे तिला शास्त्रीय लेखनपद्धती म्हणतात. संगणकावर ही संख्या ४.७ई+४ अशी दिसते.

अभियांत्रिकी पद्धतीत एकच अट अधिक आहे : घातांक तीनच्या पटीतील असला पाहिजे. मग ४७,००० ही संख्या ४७ई+३ अशी होते. गुणक १ ते १००० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. घातांक मात्र ३, ६, ९, १२ अथवा उणे ३, उणे ६, उणे ९ अशाच पायऱ्यांवर थांबतो.

तीनचीच पायरी का, हा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर मापांच्या उपसर्गांत आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली दशमान मापे कायद्याने सुरू झाली, तेव्हा किलो, हेक्टो, डेका, डेसी, सेंटी, मिली असे उपसर्ग होते. पुढे शास्त्राची झेप वाढली, तसे नवे उपसर्ग लागले. १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धती स्वीकारली गेली. एकाजवळच्या जुन्या चार उपसर्गांचा अपवाद सोडला, तर या पद्धतीतील सर्व उपसर्ग तीन-तीन घातांच्या अंतरावर आहेत. किलो हा तिसरा घात, मेगा सहावा, गिगा नववा, टेरा बारावा. खाली उतरताना मिली उणे तिसरा, मायक्रो उणे सहावा, नॅनो उणे नववा, पिको उणे बारावा. २०२२ साली या मालिकेत रोना व क्वेटा आणि रोन्टो व क्वेक्टो या चार उपसर्गांची भर पडली. तीही तीनच्याच पायरीने.

म्हणून अभियांत्रिकी पद्धतीने लिहिलेली संख्या पाहताच तोंडाने उच्चारता येते. ९०ई+६ वॅट दिसले की नव्वद मेगावॅट; ४७ई+३ ओहम दिसले की सत्तेचाळीस किलोओहम. ४.७ई+४ ओहम असे लिहिले, तर मूल्य तेच असूनही मनात एक लहानसा गुणाकार करावा लागतो, आणि चुकीला तेवढीच वाट मिळते. आपला लाख हा पाचवा घात आणि कोटी हा सातवा घात. ते या पायऱ्यांवर बसत नाहीत. रुपयांच्या व्यवहारात लाख-कोटींना तोड नाही; परंतु व्होल्ट, वॅट आणि हर्ट्‌झ यांच्या जगात तीनची पायरीच सोईची ठरते.

महाराष्ट्रातील वाचकांना या विचारसरणीचे एक उदाहरण वृत्तपत्रांतून दर पावसाळ्यात भेटते. धरणातील पाणी ‘टीएमसी’त मोजतात. हे माप म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, अर्थात घनफुटांचा नववा घात. हजार आणि दशलक्ष या दोन्ही तीनच्याच पायऱ्या असून, ‘बिलियन’ हा संदिग्ध शब्द या नावात कोठेच येत नाही, हे लक्षणीय आहे.

४. स्प्रेडशीटमध्ये ही पद्धती कशी आणावी?

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सेलला दोन अंगे असतात : आत साठविलेली संख्या आणि बाहेर दिसणारे तिचे रूप. रूप बदलल्याने संख्या बदलत नाही. हे सूत्र वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्याच्याच आधारावर उभे आहे.

एक्सेलमध्ये कृती येणेप्रमाणे करावी. प्रथम ज्या सेलमध्ये संख्या आहेत, ते सर्व निवडावेत. नंतर कंट्रोल ही कळ दाबून धरून १ ही कळ दाबावी. ‘फॉरमॅट सेल्स’ ही खिडकी उघडेल. तीतील ‘नंबर’ या विभागात ‘कस्टम’ हा प्रकार निवडावा, आणि ‘टाइप’ या रकान्यात पुढील संकेत लिहावा :

##०.००ई+०

एवढे करून खिडकी बंद केली, की निवडलेल्या सर्व संख्या अभियांत्रिकी पद्धतीने दिसू लागतात. लिबरऑफिस कॅल्कमध्येही हीच खिडकी त्याच कळांनी उघडते. तेथे ‘सायंटिफिक’ हा प्रकार निवडल्यावर ‘इंजिनिअरिंग नोटेशन’ अशी एक चौकट दिसते. तीत खूण केली म्हणजे काम झाले.

आता या संकेताचा अर्थ पाहू. दशांशचिन्हाच्या डावीकडे किती स्थाने लिहिली आहेत, यावरून घातांकाची पायरी ठरते. तेथे केवळ एक शून्य असेल तर पायरी एकची, म्हणजे शास्त्रीय पद्धती. तीन स्थाने असतील तर पायरी तीनची, म्हणजे अभियांत्रिकी पद्धती. # या चिन्हाचा अर्थ ‘अंक असल्यास दाखवावा, नसल्यास जागा सोडून द्यावी’ असा आहे. ० या चिन्हाचा अर्थ ‘अंक अवश्य दाखवावा’ असा आहे. दशांशचिन्हाच्या उजवीकडील दोन शून्यांमुळे दोन दशांशस्थळे दिसतात; आणि ई नंतरच्या अधिक चिन्हामुळे घातांकाचे चिन्ह धन असले तरी दाखविले जाते.

पुढील सहा राशी एका स्तंभात लिहून वाचकांनी हा संकेत स्वतः लावून पाहावा :

बरगी जलाशयाची एकूण साठवणक्षमता, सुमारे ३,९२,००,००,००० घनमीटर : ३.९२ई+९
बरगी वीजगृहाची क्षमता, ९,००,००,००० वॅट : ९०.००ई+६
अतिउच्च दाबाची वीजवाहिनी, ७,६५,००० व्होल्ट : ७६५.००ई+३
घरगुती विजेचा दाब, २३० व्होल्ट : २३०.००ई+०
घरगुती विजेच्या एका आवर्तनाचा काळ, ०.०२ सेकंद : २०.००ई-३
छताच्या पंख्यातील कपॅसिटर, ०.०००००२५ फॅरड : २.५०ई-६

मूळ संख्यांचा स्तंभ वाचताना शून्ये मोजण्यासाठी बोट ठेवावे लागते. उजवीकडील स्तंभ मात्र थेट वाचता येतो. शेवटच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे. पंखा मंद झाला, की विजेच्या दुकानात आपण ‘अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या’ असे म्हणतो. २.५०ई-६ या लेखनात नेमके तेच शब्द उतरले आहेत.

भिन्न एककांतील राशींची तुलना करतानाही हाच लाभ होतो. कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५.२५ टीएमसी आहे. १०५.२५ आणि ३.९२ हे आकडे शेजारी-शेजारी पाहिले, तर कोयनेचा जलाशय बरगीहून कितीतरी मोठा असावा असा भास होतो. परंतु एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ई+६ घनमीटर. गुणाकार केला, की कोयनेची क्षमता २.९८ई+९ घनमीटर भरते. दोन्ही राशी आता एकाच पायरीवर आल्या. आणि बरगीचा जलाशयच सुमारे १.३ पट मोठा आहे, हे डोळ्यांना दिसले.

५. सूत्राने घातांक काढणे

कधीकधी गुणक आणि घातांक वेगवेगळ्या सेलमध्ये हवे असतात. उदाहरणार्थ, घातांकावरून ‘किलो’, ‘मेगा’, ‘मायक्रो’ हे शब्द आपोआप यावेत अशी इच्छा असेल तेव्हा. मूळ संख्या पहिल्या स्तंभाच्या पहिल्या सेलमध्ये आहे असे मानू. घातांकाचे सूत्र असे :

= ३ * इंट( लॉग१०( अ‍ॅब्स( ए१ ) ) / ३ )

यातील क्रिया क्रमाने पाहू. प्रथम संख्येचे चिन्ह बाजूला ठेवावयाचे. नंतर दहा या पायाचे लॉगरिथम घ्यावयाचे. त्यास तीनने भागावयाचे. भागाकाराच्या लगतचा खालचा पूर्णांक घ्यावयाचा. आणि त्यास पुन्हा तीनने गुणावयाचे. ४७,००० या संख्येचे लॉगरिथम सुमारे ४.६७ आहे. तीनने भागल्यास १.५६, खालचा पूर्णांक १, म्हणून घातांक ३. मूळ संख्येस दहाच्या तिसऱ्या घाताने भागले की ४७ हा गुणक मिळतो.

एकाहून लहान संख्यांच्या बाबतीत येथे एक खाचखळगा आहे. ०.०००४७ ही संख्या घ्या. तिचे लॉगरिथम सुमारे उणे ३.३३, तीनने भागल्यास उणे १.११. याचा खालचा पूर्णांक उणे २ होय, उणे १ नव्हे. कारण ऋण संख्यांत ‘खाली’ म्हणजे शून्यापासून दूर. ‘इंट’ हे फल नेमके उणे २ देते. त्यामुळे घातांक उणे ६ व गुणक ४७० मिळतो. त्याऐवजी केवळ दशांश भाग छाटून टाकणारे ‘ट्रंक’ हे फल कोणी वापरले, तर उणे १ मिळेल, संख्या ०.४७ई-३ अशी दिसेल. मूल्य चुकणार नाही. पण गुणक एकाहून लहान झाल्यामुळे पद्धतीचा नियम मोडेल. धन घातांकांच्या उदाहरणांत दोन्ही फले सारखीच वागतात, म्हणून ही चूक बरेच दिवस लपून राहू शकते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शून्याचे लॉगरिथम अस्तित्वात नाही. म्हणून शून्यासाठी सूत्रात वेगळी सोय करावी, अन्यथा दोषसूचना येईल. दुसरे असे, की ९९९.९९६ सारखी संख्या दोन दशांशस्थळांपर्यंत आसन्न केली म्हणजे गुणक १०००.०० असा दिसतो. तो वस्तुतः पुढच्या पायरीवर जावयास हवा. यावर उपाय म्हणजे आधी संख्या आसन्न करावी आणि मगच तिचा घातांक काढावा.

६. तीन सावधगिऱ्या

येथवर आपण पद्धतीचे गुण पाहिले. आता तिच्या मर्यादांकडे वळू. कारण साधनाची मर्यादा न ओळखणाऱ्याला त्याचा गुणही घातक ठरतो.

पहिली सावधगिरी सार्थ अंकांची. वरील कोष्टकात ३.९२ई+९ या संख्येत तीन अंक दिसतात, तर ७६५.००ई+३ या संख्येत पाच. याचा अर्थ वीजवाहिनीचा दाब जलाशयापेक्षा शंभरपट काटेकोरपणे मोजला आहे, असा मुळीच नाही. संकेतात दशांशस्थळांची संख्या ठरलेली आहे. एकूण अंकांची नाही. म्हणून गुणक एक-अंकी असता कमी आणि तीन-अंकी असता अधिक अंक दिसतात. मापनाची अचूकता दिसणाऱ्या अंकांवरून ठरवू नये. ती मापनयंत्रावरून ठरवावी आणि तक्त्याखाली शब्दांत नमूद करावी.

दुसरी सावधगिरी बेरजेची. दोन सेलमध्ये प्रत्येकी १२,३४,००० ही संख्या आहे असे समजा. दोन्ही ठिकाणी १.२३ई+६ असे दिसेल. त्यांच्या बेरजेच्या सेलमध्ये मात्र २.४७ई+६ असे दिसेल. कागदावर पाहणाऱ्याला १.२३ व १.२३ मिळून २.४६ व्हावयास हवेत, यंत्र चुकले, असे वाटेल. यंत्र चुकलेले नाही. त्याने आत साठविलेल्या पूर्ण संख्यांची बेरीज केली आणि २४,६८,००० या उत्तराचे आसन्न रूप दाखविले. रूप आणि संख्या भिन्न आहेत, याचे हे उत्तम प्रात्यक्षिक होय.

तिसरी सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. रूप बदलल्याने संख्या बदलत नाही, असे आपण वर म्हटले. या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो अपवादच अनेकांचा घात करतो. स्प्रेडशीटची फाइल ‘सीएसव्ही’ या प्रकारात, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, जतन केली, तर संगणक आतील संख्या न लिहिता बाहेर दिसणारे रूपच लिहून ठेवतो. एका दिवसाच्या वीजनिर्मितीची नोंद २१,६४,८७३ युनिट आहे असे समजा. अभियांत्रिकी पद्धतीने ती २.१६ई+६ दिसते. फाइल सीएसव्ही प्रकारात जतन करून मिटली आणि दुसऱ्या दिवशी उघडली, की सेलमध्ये २१,६०,००० ही संख्या सापडेल. ४,८७३ युनिटांची नोंद नाहीशी झाली. आणि ती परत मिळविण्याचा कोणताही मार्ग त्या फाइलीत उरलेला नाही. म्हणून अशा प्रकारे जतन करण्यापूर्वी सर्व सेल साध्या संख्यारूपात आणावेत, आणि मूळ फाइल वेगळी राखून ठेवावी.

याच संदर्भात एक उपसूचना. सर्वच आकडे संख्या नसतात. आधार क्रमांक बारा अंकी आहे. तो साध्या सेलमध्ये लिहिला, की एक्सेल त्यास मोठी संख्या समजून घातांकरूपात दाखविते. सोळा अंकी क्रमांकाचा तर शेवटचा अंक शून्य होऊन जातो, कारण एक्सेल पंधराच सार्थ अंक साठविते. जीवशास्त्रज्ञांना याची झळ चांगलीच बसलेली आहे. जपानमधील एका संग्रहातील जनुकांच्या ओळखखुणांत अंकांच्या मध्ये ई हे अक्षर येत असे. स्प्रेडशीटने त्या खुणांना घातांकयुक्त संख्या मानले आणि त्या कायमच्या विद्रूप केल्या, असे २००४ साली शास्त्रज्ञांनी निदर्शनास आणले. ज्यांची बेरीज करण्यात काही अर्थ नाही, असे क्रमांक भरण्यापूर्वी त्या सेलचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा ठरवावा, हे उत्तम.

७. सारांश

संख्यांची नावे भाषेगणिक बदलतात. दहाचा घात बदलत नाही. घातांक तीनच्या पटीत ठेवला, म्हणजे संख्या मापांच्या उपसर्गांशी जुळते आणि मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्ही भाषांत एकाच अर्थाने वाचली जाते. स्प्रेडशीटमध्ये यासाठी एक लहानसा संकेत पुरेसा आहे. मात्र तो संकेत हा संख्येचा पोशाख आहे, देह नव्हे. पोशाख पाहून अचूकतेचे अनुमान करू नये, आणि पोशाख जतन करून देह टाकून देऊ नये.

दीक्षितपुऱ्यातील एखादा विद्यार्थी उद्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आपली निरीक्षणे नोंदवील. त्याचा तक्ता हिंदी बोलणारा सहाध्यायी पडताळील, आणि अहवाल इंग्रजीतून लिहिला जाईल. या तिन्ही टप्प्यांवर राशी तीच राहिली, तर त्या विद्यार्थ्याने ही पद्धती आत्मसात केली असे म्हणावयास हरकत नाही.

८. स्वाध्याय

(१) पुढील राशी अभियांत्रिकी पद्धतीने, दोन दशांशस्थळांपर्यंत लिहा : २,४०,००,००,००० हर्ट्‌झ, ०.०००००००५५ नव्हे, तर ०.०००००५५ मीटर, ३३,००० व्होल्ट. (पहिल्या वाचनात शून्ये मोजताना चूक झाली का, हेही प्रामाणिकपणे नोंदवा.)

(२) ८५ लाख युनिट वीज किती मिलियन युनिट होईल? तीच वॅट-तासांत अभियांत्रिकी पद्धतीने लिहा.

(३) ०.०३३ या संख्येचा अभियांत्रिकी घातांक सूत्राने काढा. ‘इंट’ व ‘ट्रंक’ या दोन फलांची उत्तरे ताडून पाहा.

उत्तरे : (१) २.४०ई+९, ५.५०ई-६, ३३.००ई+३. (२) ८.५ मिलियन युनिट, ८.५०ई+९ वॅट-तास. (३) ‘इंट’ने उणे ३, म्हणून ३३.००ई-३, ‘ट्रंक’ने शून्य, म्हणून ०.०३ई+०. दुसऱ्या उत्तरात गुणक एकाहून लहान तर झालाच, शिवाय एक सार्थ अंकही दिसेनासा झाला, हे वाचकांनी पाहावे.